कुलूप चाकाला की सायकलीला?

धारवाडच्या सप्तापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या सायकली अभ्यासिकांबाहेर उभ्या असतात. अनेकींच्या मागच्या चाकाला तेच जुनं गोल कुलूप. खिट्टी खाली ओढली की कडी आऱ्यांमधून पलीकडे जाते आणि चाक अडतं. सायकल मात्र मोकळीच राहते. वीसेक किलोंच्या काळ्या सायकलीला एवढं पुरायचं, कारण ती खांद्यावर टाकून पळणं सोपं नव्हतं. आजची ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची गिअरची सायकल 12 ते 15 किलोंची. ती कुलपासकट उचलून टेम्पोत टाकता येते.

म्हणून मुलं प्लास्टिकच्या नळीतली केबल घेतात. ती बारीक तारा पिळून केलेली असते. कापणाऱ्याला सगळ्या तारा एकदम तोडाव्या लागत नाहीत, थोड्या थोड्या तोडल्या तरी चालतं. त्यात कटर म्हणजे तरफ! आसापासून हात 60 सेंटीमीटरवर आणि तार 2 सेंटीमीटरवर असेल, तर जोर 30 पट होतो.

त्याला तोंड देतं ते यू आकाराचं जाड पोलादी कुलूप. नुसतं कडक पोलाद हातोड्यानं तडकतं, नुसतं मऊ पोलाद कटरच्या पात्याखाली दबतं. म्हणून पोलाद सुमारे 900 अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत तापवतात. कार्बन वरच्या थरात मुरतो. मग लोहार विळ्याला पाणी देतो तसं ते झटकन थंड करतात. वरची साल कडक होते, गाभा चिवट राहतो. बॅटरीवरचा ग्राइंडर हेही कापतो, पण ठिणग्या उडवत, गल्ली जागी करत.

यू जितका लहान तितका चांगला. पोकळीत पहार घालायला जागाच उरू नये. तो मागचं चाक आणि सांगाडा कवेत घेऊन पक्क्या खांबाला लागला पाहिजे. फक्त पुढचं चाक बांधलं, तर खटका उघडून चाक तिथंच सोडतात आणि बाकीची सायकल नेतात.

पण असा खांब आहे कुठे? म्हैसूरच्या ‘ट्रिन ट्रिन’ योजनेनं 2017 मध्ये सार्वजनिक सायकली जमिनीत रोवलेल्या स्टँडमध्येच अडकवल्या. हुबळी-धारवाडलाही ‘सवारी’ योजना आली. स्वतःच्या सायकलीवर येणाऱ्या मुलांसाठी मात्र अनेक ठिकाणी पुढचं चाक टेकवण्यापुरते तकलादू स्टँड असतात. महापालिकेनं स्टेशन, बाजार आणि कॉलेजांबाहेर उलट्या यू आकाराचे लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये रोवावेत. सांगाडा आणि चाक दोन्ही एकाच कुलपात बांधायला तेवढं पुरतं.