ज्या गावी ठराव झाला...

राज्ये तलवारीने मिळतात, तहाने मिळतात, कधी लग्नातही मिळतात. मुंबई बेट नाही का १६६१ च्या विवाहकरारात इंग्रज राजाला आंदण गेले! पण आपल्या राज्याच्या मागणीला बळ चढले ते साहित्यसंमेलनाच्या मांडवात. मराठीचा अध्यापक म्हणून मला या गोष्टीचे अंमळ अधिकच कौतुक वाटते.

साल १९४६, महिना मे, गाव बेळगाव. अध्यक्ष होते कादंबरीकार आणि संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. त्या वेळी मराठी माणूस मुंबई इलाख्यात, मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि निजामाच्या राज्यात विखुरला होता. वेगळे झालेले हे भाऊ एका छपराखाली यावेत, असा ठराव तेथे झाला. साहित्यिकांचे ठराव बहुधा मांडवाबरोबरच उतरतात; हा मात्र उतरला नाही.

पुढची वाट रक्ताची होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण वेचले. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडले. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधून द्विभाषिक राज्य करण्यात आले. १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी आपला कौल दिला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अवतरला.

आणि बेळगाव? ते १९५६ मध्येच तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले होते. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही ते तिकडेच ठेवले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ज्या यजमानाच्या ओसरीवर लग्न ठरले, त्यालाच पंगतीत पाट मिळाला नाही!

हा इतिहास शिकवताना वर्ग नेहमी शांत होतो. मग मी विद्यार्थ्यांना विचारतो, भाषेसाठी मागून घेतलेल्या राज्यात भाषेचे काय झाले? १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हे मान मोठेच; पण भाषा नांदते ती सरकारी कागदावर नव्हे, स्वयंपाकघरात आणि माजघरात. बेळगावातील कित्येक घरे ती आजही निष्ठेने बोलतात. मुंबई-पुण्याच्या घरांना तर कोणाची आडकाठीही नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाभोवती मुले जमली, की त्यांना ही गोष्ट सांगा. आणि हो, मराठीतच सांगा!