विश्लेषण : मण्यांसारखी ओवलेली ‘मेमरी’ आजही का विणली जाते?

संगणकाची मेमरी म्हणजे चिप, हे समीकरण १९७०च्या दशकात रूढ झाले. त्याआधी ही मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांतून तांब्याच्या तारा ओवून तयार होत असे. ‘मॅग्नेटिक कोअर मेमरी’ हे तिचे नाव. उद्योगातून ती केव्हाच हद्दपार झाली, पण इलेक्ट्रॉनिक्सचे हौशी ती घरच्या टेबलावर पुन्हा विणत आहेत.

एक कडी, एक बिट

प्रत्येक कडी एक बिट साठवते. चुंबकत्व एका दिशेने फिरले तर १, उलट दिशेने फिरले तर ०. वीज गेली तरी ही दिशा बदलत नाही. फोनची रॅम मात्र वीज जाताच कोरी होते.

नेमकी कडी कशी निवडतात?

८ बाय ८च्या जाळीत ६४ कड्या असतात. प्रत्येकीतून एक आडवी व एक उभी तार जाते. कडी उलटवायला लागणाऱ्या विद्युतप्रवाहाचा अर्धा भाग एका आडव्या तारेतून आणि अर्धा एका उभ्या तारेतून सोडतात. एकटा अर्धा प्रवाह काहीच करू शकत नाही. दोन्ही तारा जिथे भेटतात, तेवढीच कडी उलटते. म्हणून ६४ कड्यांना १६ तारा पुरतात.

वाचले की पुसले?

होय. वाचण्यासाठी कडीला जबरदस्तीने ० केले जाते. तिथे आधी १ असेल तर कडी उलटते आणि सर्व कड्यांतून फिरवलेल्या तिसऱ्या तारेत क्षीण स्पंद उमटतो. त्यामुळे वाचून झाल्यावर तो १ पुन्हा लिहावा लागतो.

हे कोणी विणले?

१९४९ मध्ये हार्वर्डमध्ये अॅन वँग आणि वे-डाँग वू यांनी कड्यांत माहिती साठवण्यावर काम केले. एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी जाळीची पद्धत विकसित केली आणि १९५३ मध्ये ती ‘व्हर्लविंड’ संगणकात बसली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘टिफ्रॅक’मध्येही कोअर मेमरीच होती.  ‘अपोलो’ यानांचे प्रोग्राम तर अमेरिकेतील वॉल्थमच्या रेथिऑन कारखान्यात महिला कामगारांनी विणले. तिथे तार कडीतून गेली की १, बाहेरून गेली की ०. तार चुकली की प्रोग्राम चुकला. चंद्रावर माणूस पोहोचला, त्यात या हातांचाही वाटा होता.

घरी विणताना अडचण कुठे?

पहिली अडचण कड्यांची. ट्रान्सफॉर्मरसाठीचे फेराइट चुंबकत्व चटकन सोडते, इथे ते धरून ठेवणारे लागते. त्यामुळे अनेक जण जुन्या साठ्यातल्या कड्या शोधतात. दुसरी अडचण तारेची. मोटार वाइंडिंगला असते तशीच, पण केसासारखी बारीक तार लागते. तिचे इनॅमल खरवडले गेले की शॉर्ट झालेच. म्हणून प्रत्येक तार ओवल्यावर मल्टिमीटरने तपासावी. तिसरी अडचण प्रवाहाची. काही शे मिलिअँपिअर लागतात, ते अर्डुइनोच्या पिनला झेपत नाहीत. मध्ये ट्रान्झिस्टर हवेत.

इतके करून साठते किती?

६४ बिट म्हणजे ८ बाइट. प्रचलित युनिकोड पद्धतीत (यूटीएफ-८) देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे या जाळीत ‘आई’ मावते, ‘मराठी’ मावत नाही. त्यासाठी आणखी एक जाळी विणावी लागेल. ८ जीबी रॅमच्या फोनमध्ये असे ६,८०० कोटींहून अधिक बिट असतात, पण त्यातला एकही डोळ्यांना दिसत नाही. या जाळीत मात्र प्रत्येक बिटावर बोट ठेवता येते. मेमरी म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला तेवढे पुरेसे आहे.