दोन धर्म, एक शपथ : मोलुक्कन समाजाचा ‘पेला’

श्रीखंडात घातले जाणारे जायफळ एकेकाळी जगात केवळ बांदा बेटांवर पिकत असे. ही बेटे आज इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात मोडतात. याच मसाल्यासाठी डच तेथे गेले. पुढे त्यांच्या वसाहती सैन्यात मोलुक्कन तरुण मोठ्या संख्येने भरती झाले. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर, १९५० साली, अंबोन येथे ‘दक्षिण मोलुक्कन प्रजासत्ताका’ची घोषणा झाली आणि ती चिरडलीही गेली. १९५१ साली सुमारे १२,५०० मोलुक्कन सैनिक व त्यांचे कुटुंबीय जहाजांनी नेदरलँड्सला आले. मुक्काम तात्पुरता असल्याची सर्वांची समजूत होती. तो आजतागायत संपलेला नाही.

यांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते. मुस्लीम कुटुंबे मूठभर. त्यांना १९५४ पासून फ्रीसलँडमधील वेल्डेमर्क छावणीत वेगळे ठेवण्यात आले. छावणी बंद झाल्यावर ती रिडरकेर्क व वालवेक येथे स्थायिक झाली.

शपथेचे नाते

मालुकूतील गावांना परस्परांशी बांधणारी जुनी प्रथा म्हणजे ‘पेला’. दोन गावे एकमेकांचे बंधुत्व शपथेवर स्वीकारतात, मग एक गाव मुस्लीम व दुसरे ख्रिस्ती असले तरी हरकत नसते. कडक पेलात दोन्ही गावांच्या प्रमुखांचे रक्त मद्यात मिसळून प्राशन केले जाई. सौम्य पेला विड्याच्या पानाच्या साक्षीने होई. संकटात धावून जाणे, मशीद वा चर्च बांधताना हातभार लावणे ही त्यातील कर्तव्ये. कडक पेला असलेल्या गावांत परस्पर विवाहही निषिद्ध. आपल्याकडे सगोत्र सोयरीक टाळतात, तसेच हे. आणि हा निर्बंध नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत येऊन पोहोचला.

तरीही रक्तपात का झाला?

१९ जानेवारी १९९९ रोजी, ऐन ईदच्या दिवशी, अंबोन शहरात एका बसवरून भांडण झाले आणि पाहता पाहता दंगल पेटली. पुढील तीन वर्षांत हजारो लोक मारले गेले, लाखो निर्वासित झाले. मग पेलाने काय केले?

उत्तर प्रथेच्या मर्यादेत आहे. पेला जुन्या गावांना बांधतो. बाहेरून आलेले बुटोन, बुगिस व मकास्सर समाजांतील मुस्लीम त्या वर्तुळाबाहेर होते, आणि पहिला भडका त्यांच्याभोवतीच उडाला. शिवाय १९७९ च्या कायद्याने देशभर एकाच साच्याची ग्रामव्यवस्था लादली होती. परिणामी परंपरागत ग्रामप्रमुखांचे वजन घटले होते. मे २००० मध्ये जावाहून ‘लष्कर जिहाद’चे सशस्त्र स्वयंसेवक उतरले. ख्रिस्ती म्हणजे फुटीरतावादी, हा त्यांचा प्रचार होता. १९५० चे ते प्रजासत्ताक असे अर्धशतकानंतर वैराचे हत्यार बनले. इकडे नेदरलँड्समधील बहुसंख्य मोलुक्कनांची सहानुभूतीही स्वधर्मीयांकडेच झुकली.

समेट कसा घडला?

सरकारच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २००२ मध्ये मालिनो येथे ११ कलमी करार झाला. हिंसा तेवढ्याने थांबली नाही. एप्रिल २००२ मध्ये सोया या ख्रिस्ती गावावर हल्ला झाला, २००४ मध्ये अंबोन पुन्हा पेटले. करार कागदावरून माणसांत उतरवण्याचे काम इतरांनी केले. दोन्ही धर्मांच्या स्त्रिया शांततेसाठी एकत्र आल्या. तुलेहू या मुस्लीम गावातील सानी तवाइनेला यांनी मुलांना दंगलीपासून दूर ठेवण्यासाठी फुटबॉल शिकवला आणि पुढे ख्रिस्ती मुलांनाही त्याच संघात घेतले.

खरी कसोटी सप्टेंबर २०११ मध्ये लागली. एका मुस्लीम मोटारसायकल टॅक्सीचालकाच्या मृत्यूवरून अफवा उठल्या. त्या वेळी ख्रिस्ती धर्मोपदेशक जॅकी मानुपुत्ती व मुस्लीम विद्वान आबिदिन वकानो यांच्या सहकाऱ्यांनी, ‘शांततेचे चिथावणीखोर’ असे नाव घेऊन, प्रत्येक अफवा जागेवर तपासली आणि खरी माहिती मोबाइल संदेश व ट्विटरद्वारे पसरवली. १९९९ ची पुनरावृत्ती टळली.

अंबोनमध्ये आजही अनेक वस्त्या धर्मानुसार विभागलेल्या आहेत. समेट पूर्ण झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण एक धडा स्पष्ट आहे. पूर्वजांच्या शपथा आपोआप रक्षण करीत नाहीत. प्रत्येक पिढीला त्या नव्याने घ्याव्या लागतात, आणि वर्तुळाबाहेर राहिलेल्या शेजाऱ्यालाही त्यांत जागा द्यावी लागते. मायभूमीतील तंटे दुरून न्याहाळणाऱ्या आपल्यासारख्या स्थलांतरितांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.