मागच्या फळीत अजून कोणी नाही

२० डिसेंबर २०१४ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पहिल्या इंडियन सुपर लीगची अंतिम लढत झाली. सामना संपता संपता, भरपाईच्या वेळेत, महंमद रफीकने हेडरवर गोल केला आणि ॲटलेटिको डी कोलकाता केरळ ब्लास्टर्सला १-० असं हरवून विजेता ठरला. सानपाड्याहून जुईनगर आणि मग नेरूळ. म्हणजे आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर भारतीय फुटबॉलच्या नव्या पर्वाला पहिला विजेता मिळाला. त्या विजेत्या संघात इझुमी अराता नावाचा एक मध्यरक्षक होता. नाव जपानी, पासपोर्ट भारताचा.

अराताचा जन्म १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापूरच्या अल्बिरेक्स निगाता संघातून तो २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला आणि पुढे मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे. तिथे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः साळगावकर आणि भारताकडून खेळलेले बचावपटू. परेरा पुण्याला पुणे एफसीत गेले, अराताही गेला आणि तिथेच खऱ्या अर्थाने स्थिरावला. बालेवाडीत सामने बघणाऱ्यांना तो आठवत असेल: चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे ठरवून ठेवणारा, आरडाओरडा न करणारा खेळाडू. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसऱ्या क्रमांकावर आलं, तेव्हाही तो संघात होता.

२०१२ मध्ये त्याने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. कागदोपत्री नाव झालं नीलकंठ खंभोळजा. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. सामना आपण २-४ असा हरलो. त्यानंतर त्याला भारताची जर्सी मिळाली ती बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा. पदार्पणाच्या वेळी त्याचं वय तीस होतं. हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

जाता जाता एक नोंद. अराता महाराष्ट्रात ज्या क्लबांकडून खेळला त्यांपैकी महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ च्या सुमारास मैदानातून गेला आणि एफसी पुणे सिटीने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. खेळाडूने देश बदलला, राज्याला क्लब टिकवता आले नाहीत. पुढे तो घणसोलीच्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत प्रशिक्षक झाला. घणसोली सानपाड्याहून ठाण्याच्या दिशेने तिसरं स्टेशन. लोकलमधल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

अरातानंतर नागरिकत्व बदलून येणारा दुसरा खेळाडू मिळायला तेरा वर्षं लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये रायन विल्यम्स भारतीय नागरिक म्हणून राष्ट्रीय संघाच्या शिबिरात दाखल झाला. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट १९५६ मध्ये संतोष करंडकात मुंबईकडून खेळले होते. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. मुंबईच्या कूपरेज मैदानावरचं त्या काळचं फुटबॉल गोवेकर, अँग्लो-इंडियन, रेल्वे आणि गिरण्यांच्या संघांनी भरलेलं असे. मिश्र वंश हा तिथे चर्चेचा विषयच नव्हता. नातवाला मात्र आजोबांच्या देशाकडून खेळण्यासाठी फुलहॅम, पोर्ट्समथ, पर्थ असा प्रवास करून बंगळूरु एफसीत यावं लागलं आणि ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडावा लागला. तेव्हा त्याचं वय बत्तीस होतं. त्याचा जुळा भाऊ आरिन बहुतेकदा बचावात किंवा बचावाच्या पुढ्यात खेळतो. तो रायनच्या आधी भारतात आला होता, इम्फाळच्या नेरोका संघात, पण परदेशी खेळाडू म्हणून. आई तीच, आजोबा तेच.

आता नियमाचं बघू. फिफाच्या लेखी मुळं दाखवायला आई-वडील किंवा आजी-आजोबांचा जन्म त्या देशातला असणं पुरतं, पण नागरिकत्व हवंच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे दीर्घ मुक्कामाची सोय, नागरिकत्व नव्हे. २००८ पासून केंद्राच्या धोरणानुसार देशाकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. टेनिस पाहणाऱ्यांना प्रकाश अमृतराज आठवेल. अमेरिकी नागरिक असूनही तो डेव्हिस कपमध्ये भारताकडून खेळत होता आणि या धोरणाने ते दार बंद झालं. कार्डधारकाला नागरिक व्हायचं असेल तर कार्ड घेऊन पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी वर्षभर भारतात वास्तव्य हवं. म्हणजे युरोपात खेळणाऱ्याने आधी तिथला करार सोडून इथल्या क्लबात यायचं. मग जो येतो तो तिशी ओलांडलेला, तिथलं बहुतेक फुटबॉल खेळून झालेला असतो. यात त्याचा व्यवहारही असतो, तो लपवण्यात अर्थ नाही: भारतीय झाला की इथल्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या मर्यादेतून तो सुटतो. त्याची जागा क्लब दुसऱ्या परदेशी खेळाडूला देऊ शकतो, त्यामुळे त्याचं मोल वाढतं.

अराता मध्यरक्षक, रायन आघाडीचा. या वाटेने मिश्र वंशाचा बचावपटू अजून आलेला नाही आणि मला हा योगायोग वाटत नाही. आघाडीचा खेळाडू बत्तिसाव्या वर्षी येऊन एका सामन्यात निकाल फिरवू शकतो. बचावाची चौकडी शेजारच्याच्या सवयी ओळखून उभी राहते. कोण पुढे सरकणार, कोण मागे झाकणार, हे ठरायला मोसम जातात. तिथे माणूस तरुणपणीच लागतो.

नील टेलर हे त्याचं ठळक उदाहरण. १९८९ मध्ये वेल्समध्ये जन्म, वडील वेल्श, आई कोलकात्याची बंगाली. जागा लेफ्ट बॅकची. रेक्सहॅममधून २०१० मध्ये तो स्वान्सीत गेला आणि २०११ मध्ये क्लबसोबत प्रीमियर लीगमध्ये पोचला. वेल्सने त्याला एकविसाव्या वर्षीच उतरवलं होतं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो ब्रिटनकडून खेळला, त्याच वर्षी सप्टेंबरात घोट्याचं हाड मोडून मोसमाला मुकला आणि परतला. २० जून २०१६ ला तुलूजमध्ये युरो स्पर्धेत रशियाविरुद्ध वेल्स ३-० जिंकलं, त्यात एक गोल त्याचा. कित्येक वर्षांत गोल न केलेल्या माणसाचा! वेल्स उपांत्य फेरीपर्यंत गेलं. पुढच्या मार्चमध्ये डब्लिनला त्याच्या एका टॅकलने आयर्लंडच्या शेमस कोलमनचा पाय मोडला आणि त्याला लाल कार्ड मिळालं. बचावपटूच्या वाट्याला हेही येतं. क्लबांमध्ये स्वान्सीनंतर ॲस्टन व्हिला, मिडल्सब्रो आणि २०२२ मध्ये निवृत्ती. एकविसाव्या वर्षी त्याच्यापुढे भारत हा पर्याय होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. भारताकडून खेळायचं तर त्याला ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला असता, वेल्सला फक्त खेळाडू हवा होता.

इतर देश काय करतात? केप व्हर्देची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, नवी मुंबई महापालिकेच्या २०११ च्या जनगणनेतल्या आकड्याच्या निम्मी. त्यांचा सेंटर बॅक रॉबर्टो लोपेस, टोपणनाव पिको, जन्माने डब्लिनचा. आई आयरिश, वडील केप व्हर्देचे. शॅमरॉक रोव्हर्सकडून खेळणाऱ्या या माणसाला केप व्हर्देच्या प्रशिक्षकांनी २०१८ मध्ये लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये संदेश पाठवला. त्याने तो जाहिरात समजून सोडून दिला. काही महिन्यांनी इंग्रजीत दुसरा संदेश आला, तेव्हा उलगडा झाला. सत्ताविसाव्या वर्षी तो संघात आला. १३ ऑक्टोबर २०२५ ला एस्वातिनीला ३-० हरवून केप व्हर्दे विश्वचषकाला पात्र ठरलं.

शेजारचं उदाहरण जास्त बोचतं. हमझा चौधरी: इंग्लंडमधला जन्म, आई बांगलादेशी, जन्मदाते वडील ग्रेनाडाचे. लेस्टरकडून मध्यरक्षक, गरजेला राइट बॅक, २०२१ चा एफए कप विजेता. बांगलादेशच्या कायद्यात ब्रिटिश पासपोर्टसोबत दुहेरी नागरिकत्वाला जागा आहे. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला त्याने भारताविरुद्धच पदार्पण केलं, सामना ०-० सुटला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० हरवलं. २००३ नंतरचा भारतावरचा त्यांचा पहिला विजय. रायन विल्यम्स त्या सामन्यात खेळू शकला नाही, ऑस्ट्रेलियाकडून येणारी मंजुरी वेळेत आली नव्हती.

दुहेरी नागरिकत्व फुटबॉलसाठी द्यावं, असं मी म्हणणार नाही. त्या प्रश्नाला सुरक्षेपासून मालमत्तेपर्यंत अनेक पदर आहेत. पण भारतीय फुटबॉल महासंघ जेव्हा ओसीआय खेळाडूंच्या याद्या जाहीर करतो, तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या सेंटर बॅकचा हिशेब समजून घ्यायला हवा. ब्रिटिश पासपोर्ट सोडला की आपल्याच गावच्या क्लबात तो परदेशी कामगार होतो. तिथे परदेशी खेळाडूला कामाचा परवाना गुणांवर मिळतो, आणि राष्ट्रीय संघाकडून खेळल्याचे गुण क्रमवारीतल्या पहिल्या पन्नास देशांपुरतेच धरले जातात. २०२५ च्या अखेरीस भारत १४२ वा होता.