चिनी घरातला रोजचा स्वयंपाक

चायनीज म्हटले की शहरी मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती लालभडक मंचुरियनची बशी, नाही तर नाक्यावरच्या गाडीवर भडकत्या जाळावर परतले जाणारे नूडल्स. हे पदार्थ चविष्ट असतील. चिनी मात्र ते फारसे नाहीत. मंचुरियनच्या जन्माचे श्रेय दिले जाते ते कोलकात्याहून मुंबईत आलेल्या नेल्सन वांग यांना. 1975 च्या सुमारास मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची अशा अस्सल भारतीय वाटणात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि एक नवीच पाककृती जन्माला आली. चीनमधील गृहिणीला ती ओळखूही येणार नाही.

चिनी घरात रोज रांधले जाते ते वेगळेच. त्याला तिकडे ‘जियाछांग त्साय’, म्हणजे घरचे नेहमीचे जेवण, असे म्हणतात. या जेवणाचे दोन भाग मानले जातात: ‘फान’ म्हणजे भात आणि ‘त्साय’ म्हणजे त्यासोबतचे सारे काही. उत्तरेत भाताची जागा वाफवलेले पाव किंवा गव्हाचे नूडल्स घेतात, एवढाच फरक. ‘त्साय’साठी मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे तोंडीलावणे. भात मुख्य आणि तोंडीलावणे त्याला साथ देणारे, हे नाते कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. उपाहारगृहात नेमके उलटे होते. तेथे तोंडीलावणेच पोटभर खाल्ले जाते आणि मग चिनी जेवण तेलकट व खारट असल्याची तक्रार होते.

मोठ्या आचेवर झटपट परतण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘स्टर-फ्राय’ हा शब्द रूढ झाला तो बुवेई यांग चाव यांच्या 1945 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाककृतींच्या पुस्तकामुळे. या बाई पेशाने डॉक्टर होत्या. या पद्धतीत चिरण्याला अर्धा तास आणि शिजवण्याला तीन मिनिटे, असे प्रमाण असते. त्यामुळे गॅस पेटवण्यापूर्वीच सारे साहित्य, अगदी मिठासुद्धा, ओट्यावर हाताशी मांडून ठेवावे लागते. एकदा कढई तापली की लसूण सोलायला सवड नसते.

नवशिक्यांची फसगत होते ती आचेपाशी. उपाहारगृहातील शेगडीचा जाळ घरगुती गॅसच्या कितीतरी पट असतो. घरच्या कढईत एकदम किलोभर भाजी टाकली की कढई थंडावते, भाजीला पाणी सुटते आणि ती परतली न जाता त्या पाण्यात शिजू लागते. यावर उपाय एकच: भाजी धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि थोडी थोडी, दोन खेपांत परतावी. त्यासाठी खास चिनी कढई आणण्याचीही गरज नाही. आपली जुनी लोखंडी कढई उत्तम.

आरंभासाठी टोमॅटो-अंडे या पदार्थाइतका सोपा पदार्थ नाही. चीनमधील कित्येक मुले आयुष्यात पहिल्यांदा शिकतात तो हाच. चार अंडी चिमूटभर मीठ घालून फेटावीत, तापलेल्या तेलात ओतावीत आणि अर्धवट घट्ट होताच काढून घ्यावीत. त्याच कढईत तीन पिकलेल्या टोमॅटोंच्या मोठ्या फोडी परताव्यात. रस सुटला की मीठ व चमचाभर साखर घालून अंडी पुन्हा त्यात सोडावीत. वरून कांद्याची पात. साखर किती घालावी, यावर तिकडे घराघरांत वाद चालतात. अंड्याची बुर्जी करणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की येथे अंडी मोकळी करायची नसतात. त्यांचे मऊ गोळे रसात राहायला हवेत.

बटाट्याचा कीस मात्र मराठी जिभेला प्रथम कच्चा वाटेल. आगकाडीएवढे बारीक काप दोन-तीन पाण्यांतून धुऊन त्यांतील पिठूळपणा घालवायचा, ते निथळायचे, मग तेलात सुक्या मिरच्या टाकून जेमतेम तीन मिनिटे परतायचे आणि शेवटी मीठ व चमचाभर व्हिनेगर घालायचे. काप कुरकुरीत राहायला हवा. मऊ झाला तर पदार्थ बिघडला. सिचुआन प्रांतात यात तेथील प्रसिद्ध मिरीसारखे फळ पडते. जीभ बधिर करणारे हे फळ कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातले आहे. बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ वासाला वेगळे असले तरी दोन-तीन फळे ठेचून घालून पाहायला हरकत नाही; आतली काळी बी तेवढी काढून टाकावी.

वाफवण्यासाठी घरोघरी असलेले मोदकपात्र पुरेसे आहे. फेटलेल्या अंड्यांत त्यांच्या दीडपट ते दुप्पट कोमट पाणी व मीठ घालून ते गाळावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे वाफवावे. खरवसासारखी नाजूक वडी तयार होते. आच मोठी झाली तर तीत जाळी पडते. क्वांगतुंग प्रांतातल्या पद्धतीने अर्धा किलोचे अख्खे पापलेट आल्याच्या कापांसह आठ-दहा मिनिटे वाफवून त्यावर कांद्याची पात, थोडा सोया सॉस आणि कडकडीत तापवलेले तेल ओतले की झाले.

शिळ्या भाताचा फ्राइड राइस हा आपल्या फोडणीच्या भाताचाच भाऊबंद. थंड भात मोकळा होतो, म्हणून तोच वापरतात. पण येथे एक धोका आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की जिवाणू वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतील अशाच भाताने अनेकांना उलट्यांचा त्रास झाला होता. तेव्हा उरलेला भात पसरून लवकर निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी संपवावा.

सोया सॉसचा हातही आखडताच हवा. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. रक्तदाब असणाऱ्यांनी वरचे मीठ वगळावे. अजिनोमोटोचा बाऊ मात्र गरजेपेक्षा जास्त झाला आहे. 1908 साली इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री वनस्पतीतून वेगळा केलेला तो चवीचा घटक पिकलेल्या टोमॅटोतही निसर्गतःच असतो. वरच्या पदार्थांना त्याची गरजच नाही.

चौघांच्या जेवणाला भात, टोमॅटो-अंडे, बटाटा आणि लसणीवर परतलेला पालक एवढे पुष्कळ झाले. भात आधी लावावा, अंडे मग करावे, बटाटा त्यानंतर. पालक सर्वांत शेवटी, मंडळी पानावर बसल्यावर. त्याला दीड मिनिट लागते आणि तो वाट पाहत थांबत नाही.