नवी मुंबईच्या परिसरातील छोट्या पायवाटा

सार्वजनिक कामांचा विचार करताना रस्ता, पूल, शाळा, पाणीपुरवठा ही नावे चटकन आठवतात. अरण्यातून किंवा गडावर जाणारी दोन-चार किलोमीटरची पायवाट मात्र त्या यादीत सहसा नसते. ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी आपोआप पडते, अशीच आपली समजूत असते. नवी मुंबईच्या परिसरातील अनुभव मात्र निराळी गोष्ट सांगतो. येथे आखलेली व राखलेली पायवाट आणि कोणीही न आखलेली वाट यांतील अंतर कधी कधी जीवन आणि मृत्यू यांमधील अंतर ठरले आहे.

डोंगराच्या पायथ्याचे शहर

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नव्या शहराची उभारणी सुरू झाली. या शहराच्या एका अंगास खाडी, तर दुसऱ्या अंगास पारसिक आणि खारघर येथील डोंगर आहेत. पावसाळ्यात हे डोंगर हिरवे होतात, कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात आणि सुट्टीच्या दिवशी तरुणांची पावले आपसूक तिकडे वळतात.

खारघरचा पांडवकडा हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध धबधबा. ऑगस्ट २०१९ मध्ये याच परिसरातील ओढ्यात चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी वाहून गेल्या. त्यापूर्वीही येथे अनेकांनी प्राण गमावले असून, त्यामुळे पावसाळ्यात या ठिकाणी प्रवेशबंदीचे आदेश काढण्यात येतात. अशा दुर्घटनांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो आणि ते सारे पाणी अरुंद घळीतून खाली धावते. पायथ्याशी ऊन असले तरी ओढ्याची पातळी काही मिनिटांत वाढते. दगडावर बसलेल्या मनुष्यास ते कळेपर्यंत परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. केवळ बंदीच्या फलकाने ही ओढ थांबत नाही. डोंगर पाहण्याच्या स्वाभाविक इच्छेला सुरक्षित वाट मिळणे, हाच या प्रश्नावरील टिकाऊ उपाय होय.

कर्नाळ्याचे उदाहरण

अशी वाट फार दूर नाही. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली घोषित झालेले हे राज्यातील पहिले पक्षी अभयारण्य. आरंभी त्याचे क्षेत्र अवघे साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते. पुढे ते वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. येथे वनविभागाने आखलेल्या निसर्गवाटांना ‘हरियाल’ आणि ‘मोरटाका’ अशी नावे आहेत. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

सकाळच्या वेळी या वाटांवर शांतपणे चालणाऱ्यास पल्लवपुच्छ कोतवाल, स्वर्गीय नर्तक, तांबट, नाचण असे पक्षी दिसू शकतात. पावसाच्या आरंभी शीळकरी कस्तुराची मनुष्याच्या शिळेसारखी लकेर ऐकू येते, तर ओढ्याकाठच्या दरडीत बीळ करून राहणारा रंगीबेरंगी तिबोटी खंड्या याच दिवसांत पिले वाढवितो.

अभयारण्यातूनच किल्ल्याकडे जाणारी वाट चढते. दीड-दोन तासांच्या चढणीनंतर अंगठ्यासारखा उभा असलेला बेसाल्टचा सुळका समोर येतो. त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी व कोठारे आहेत. बोरघाटातून कोकणातील बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी मार्गावर येथून नजर ठेवता येत असे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार होते. फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ज्या शिरढोण गावी झाला, ते गाव याच महामार्गावर, कर्नाळ्याच्या अलीकडे आहे. एका सकाळच्या फेरीत पक्षी, पाषाण आणि इतिहास या तिन्हींचा पाठ मिळावा, अशी ही जागा आहे.

वाट टिकते कशी?

पायवाटेचा खरा शत्रू पाणी होय. वाट थेट उतारावरून सरळ खाली आणली, तर पहिल्याच पावसात तिचा ओढा होतो. म्हणून ती डोंगराच्या अंगाने, वळसे घेत न्यावी लागते. ठरावीक अंतरावर तिरपे दगड बसवून किंवा आडवे चर काढून पाणी वाटेबाहेर काढून द्यावे लागते. वळण टाळण्यासाठी लोक मधूनच आडवाट काढतात; तेथील गवत आणि मुळे तुटली की माती सुटते आणि मूळ वाटही ढासळते. त्यामुळे वाटेवरच चालणे हा केवळ शिस्तीचा भाग नसून मृद्‌संधारणाचाही आहे.

दुसरी काळजी वन्यजीवांची. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या माश्यांची मोठी पोळी असतात. धूर, गोंगाट किंवा उग्र सुगंध यांमुळे माश्या चवताळतात आणि अरुंद वाटेवरून पळणे धोक्याचे ठरते. अभयारण्यातील प्रवेशावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निर्बंध आहेत, ते याच हेतूने पाळावयाचे.

शिक्षकांसाठी

सहलीच्या ठिकाणी मुलांना सोडून देण्यापेक्षा अशी वाट वर्गाप्रमाणे वापरता येते. पंधरा-वीस मुलांचा एक गट करावा. पुढे एक व मागे एक शिक्षक असावा. वाटेवर चार-पाच थांबे ठरवून एके ठिकाणी झाडांची साल, दुसरीकडे पक्ष्यांचे आवाज, तिसरीकडे खडक, तर टाक्यापाशी आपल्या पूर्वजांची पाणी साठविण्याची रीत दाखवावी. किल्ल्याची वाट खुली आहे की नाही, याची विचारणा प्रवेशद्वारावरील वनचौकीत आधीच करावी. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये, हा नियम कारणासह समजावून सांगितला, तर मुले तो घरीही सांगतील.

ग्रामपंचायतींचा वाटा

नवी मुंबईसमोरच्या घारापुरी बेटाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा लाभला. धक्क्यापासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या, माथ्यावरील तोफांकडे जाणारी चढण आणि स्तूप टेकडी अशा छोट्या वाटा बेटावर आहेत. पर्यटकांकडून ग्रामपंचायत कर घेते आणि वाटेवरील लहान विक्रेत्यांचा चरितार्थ या पावलांवर चालतो. पायवाट गावाच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकते, ते असे.

इतर गावांनाही पुष्कळ करता येईल. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. त्या नोंदवहीतील झाडापाखरांची स्थानिक नावे वाटेवरील फलकांवर आली, तर ती नोंदवही कपाटात न राहता लोकांपुढे येईल. डोंगर जाणणारे ठाकूर व कातकरी तरुण वाटाडे म्हणून काम करू शकतील. पावसाळ्यापूर्वी वाटेची पाहणी, पावसाळ्यानंतर डागडुजी, धोक्याच्या ओढ्यांवर स्पष्ट मराठी फलक आणि कचरा परत नेण्याची व्यवस्था ही चार कामे फार खर्चाची नाहीत. अर्थात वनक्षेत्रात वनविभागाची आणि संरक्षित स्मारकाच्या ठिकाणी पुरातत्त्व विभागाची अनुमती घेऊनच ती करावयाची आहेत.

शहर वाढत जाणार आणि डोंगराकडे येणारी पावलेही वाढत जाणार. ती पावले कोणत्या वाटेने जावीत, हे आपण आधी ठरविले नाही, तर ते ओढ्याचे पाणी ठरवील. चांगली पायवाट दोघांचेही रक्षण करते : तिच्यावरून चालणाऱ्याचे आणि ज्या भूमीवरून ती जाते, त्या भूमीचेही.