गोठ्यापर्यंतची विद्या

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा औरंगाबादच्या तालुक्यांसमवेत परभणीचा परतूर तालुकाही त्यात सामील झाला. दप्तरे हलली, सरहद्दी बदलल्या, परंतु या मुलखाचा परभणीशी असलेला ऋणानुबंध काही तुटला नाही, आणि तो टिकविणाऱ्या गोष्टींत तेथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयाची गणना मी अगत्याने करीन.

मुंबई इलाख्यात परळ येथे १८८६ सालीच पशुवैद्यकाचे विद्यालय निघाले होते. जालन्यास त्या काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. मात्र विद्यालय असो वा छावणी, सरकारदरबारी कदर होती ती मुख्यतः लष्करी घोड्याची, कुणब्याच्या बैलाची नव्हे. परभणीचे महाविद्यालय १९७२ साली, म्हणजे चाऱ्यावाचून मराठवाड्यातील दावणी ओस पडत चालल्या होत्या त्याच सुमारास, कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाले. पुढे नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्या कक्षेत आले.

साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम असून त्यातील अखेरचे वर्ष आंतरवासितेचे असते. माणसाच्या वैद्याला एकच देह शिकावा लागतो; येथे गाय, म्हैस, शेळी, घोडा, श्वान आणि कोंबडी यांची शरीररचना, आहार आणि व्याधी निरनिराळ्या अभ्यासाव्या लागतात, आणि त्यांपैकी कोणताही रुग्ण आपले दुखणे शब्दांत सांगत नाही. म्हणून विद्यार्थ्याला प्रथम निरीक्षण शिकवितात: गाईचे तापमान साधारणतः १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असावयास हवे, डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली असता दोन मिनिटांत पोटाची दोनतीन आंदोलने हाताला जाणवली पाहिजेत, रवंथ थांबले असेल तर ते केव्हा थांबले, हे धन्याला न दुखविता विचारून घेतले पाहिजे.

या शिक्षणाची योग्यता किराळीसारख्या, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेसारख्या, प्रसंगी कळते. पावसाने ओढ दिली की खुरटलेली ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेले तिचे कोवळे धुमारे, हिरवे म्हणून जनावर अधाशीपणे खाते. त्या पाल्यातील द्रव्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल सुटते, रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही, आणि म्हणूनच गुदमरणाऱ्या त्या जनावराचे रक्त लालभडक दिसते. धाप, थरकाप, कोसळणे, सारे काही अल्पावकाशात उरकते. रोग ओळखून सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळीच दिले तर जनावर वाचू शकते. ज्वारी पिकविणाऱ्या आणि अवर्षण सोसणाऱ्या, जालना जिल्ह्यातील भोकरदन-जाफराबादच्या मुलखात हे ज्ञान ग्रंथात राहून चालत नाही, ते गोठ्यापर्यंत पोहोचावे लागते; आणि ज्या गावाला दवाखाना दूर आहे तेथे धुमाऱ्यांच्या शेतात गुरे सोडू नयेत, हे आधीच समजावून सांगणे इंजेक्शनाइतकेच मोलाचे ठरते. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचण्याचा आग्रह याच जातीचा आहे.

पशुकल्याण हा विषयही याच शिक्षणात येतो, आणि तो केवळ भूतदयेचा पाठ आहे असे समजणे मला अन्यायाचे वाटते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्याचा पाठपुरावा केला त्या विषयावर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याखालील १९६५ चे नियम असे की, ओझ्याच्या वा ओढकामाच्या जनावराकडून दिवसात नऊ तासांहून अधिक, आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये. तसेच जेथे उष्मा ३७ अंश सेल्सियसच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला जुंपू नये. जालन्याचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला या मर्यादेचा अर्थ निराळा सांगावयास नको.

येथील शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, लोणी-हळद लावून बैलाचा खांदा चोळतो, तेव्हा जुवाचा भार कोठे बसतो हे तो मनोमन ओळखून असतो. महाविद्यालयातून आलेला तरुण त्याच खांद्यावर हात ठेवून सूज ताजी की जुनी, आत पू झाला आहे की कातडी नुसतीच निबर झाली आहे, हे पारखतो. औषध देतो, जू गुळगुळीत करावयास सांगतो, बैलजोडी असमान उंचीची असेल तर ती बदलावयास सुचवितो, आणि खांदा भरून येईपर्यंत बैलाला जुंपू नये असे बजावतो. पेरणीच्या घाईत हा सल्ला मानणे शेतकऱ्याला जड जाते. म्हणून शेजाऱ्याची जोडी सावडीने मिळेल काय, ही चौकशीही त्या तरुणालाच करावी लागते.